बिनवर्दळीची कड

सव्वीस वर्षं गुडघे टेकत आलो
लिस्बनच्या एकेका चढापुढे,
आणि हरलो मात्र नाही.
आमच्या धंद्यात गुडघे टेकल्याशिवाय
कामच सुरू होत नाही.
पांढरा दगड डाव्या तळहातात,
हातोडीचे तीन ठोके;
चौथा लागला तर तो शिकाऊ.
अक्कल गुडघ्यात, म्हणतात.
माझी होतीच तिथे.
उतार किती, पाणी कुठे वळेल,
गुडघाच सांगायचा.

उजवा आधी जिन्यावर बोलला.
ग्रासिंदा म्हणाली, तू उतरतोस
तेव्हा कुणी वाळू दळतंय असं वाटतं.
मी रेडिओ मोठा केला.
मग एका मंगळवारी तो अडकलाच.
एडिल्सनने काखेत हात घालून
उपसून काढलं मला, रुतलेल्या दगडासारखं.
शेजारी प्रवासी फोटो काढत होते,
माझा नाही,
मी मांडलेल्या काळ्या लाटांचा.

डॉक्टर लुर्देशने पडद्यावर गुडघा लावला,
राखाडी, पहाटेच्या नदीसारखा.
"हाडाच्या टोकावर ही साय असते. कूर्चा.
तिला रक्त नाही, म्हणून ती भरून येत नाही.
तिला दुखतही नाही; ओरडतं ते खालचं हाड.
हा इथे खड्डा. अंगठ्याच्या नखाएवढा."

नखाएवढा!
याहून मोठे मी जेवणाच्या सुट्टीत बुजवलेत.

ती सांगत गेली.
मांडीचे स्नायू कमवा, वजन उतरवा,
काहींचं तेवढ्यावर भागतं.
सुई आहे; ती काही महिने देते,
गुडघा देत नाही.
हाडाला बारीक भोकं पाडली
तर रक्त वर येऊन गोठतं,
नवी साय धरते, पण मूळची नव्हे.
"खड्ड्यात सिमेंट ओतून वेळ मारायची,"
मी म्हणालो, "नगरपालिका हेच करते."
ती हसली.
माझ्याच पेशी काढून, वाढवून, परत लावणं:
त्याची किंमत तिने आवाज उतरवून सांगितली.
आणि धातूचा सांधा?
"चव्वेचाळिशीत? ते दार शेवटचं.
आजच कशाला ठोठावता."

"अजून एक आहे. मोझेक."

मी खुर्चीत पुढे सरकलो.
जिथे भार पडत नाही त्या कडेवरून
हाडासकट बारीक गुल्ल्या काढायच्या,
खड्ड्यात शेजारी-शेजारी ठोकून बसवायच्या.
"पातळी?"
"समतल. वर राहिली तर घासते."
"मधल्या फटी?"
"शरीर भरतं, त्याच्या परीने."
आजाराबद्दल पहिल्यांदाच कुणी
माझ्याशी माझ्या भाषेत बोलत होतं.

"आणि जिथून काढाल, तिथे?"
ती थांबली. "तिथे कधीकधी दुखतं."

फिर्मिनो उस्ताद आठवला.
सणाआधी चौकात दगड कमी पडले
तेव्हा आम्ही मागच्या गल्लीतून उचलले,
तिकडे कोण फिरकतं म्हणून.
चौक सुरेख झाला.
तिसऱ्या दिवशी गल्लीत एक विधवा पडली,
मनगट मोडलं, हातातली मासळी विखुरली.
उस्ताद तिच्या दारात टोपी काढून उभा राहिला
बराच वेळ.
परतताना एवढंच म्हणाला,
बिनवर्दळीची गल्ली नसते, बेल्मिरो.
आपण तिथे राहत नाही, इतकंच.

"नंतर टेकता येईल?" मी विचारलं.
"कुबड्या काही आठवडे. मग चालाल.
कदाचित मैदानात धावालही.
पण दिवसभर दगडावर…"
तिने वाक्य अर्धं ठेवलं,
मीही उरलेलं मागितलं नाही.

आता खिशात तारखेची चिठ्ठी घेऊन
कामावर उभा आहे.
उभ्याने पाहिल्या नव्हत्या कधी
या लाटा.
तिसऱ्या रांगेत एक जराशी वाकडी आहे,
माझीच, अकरा वर्षांपूर्वीची.

एडिल्सन खाली बसून दगड घडवतोय.
चार. पाच. सहावा ठोका.
मी काही बोललो नाही.
माझी रबरी गादी फक्त
बऱ्या पायाने
त्याच्याकडे सरकवली.